खोत सरांचा पहिला नंबर

"पहिला नंबर मला? आक्का, मला?"

"दुसरापण तुलाच."

"चेष्टा बास करा."

"तिसरापण तुला. उत्तेजनार्थ दोन होते, तेपण तुझ्याच नावावर घातलेत. खाली सही केलीय. मगदूम सोनाबाई, परीक्षक."

भरतेश खोत सरांनी कपाळाला हात लावला. बाहेर व्हरांड्यात पालक अजून चपला शोधत होते, म्हणून त्यांनी आवाज दाबला. मास्तरांनी दाबलेला आवाज आणखी लांब जातो, हे मास्तरांना कुणी सांगत नाही.

"माइकवरून वाचलंत तुम्ही! सगळ्या पालकांसमोर!"

"माइक तूच दिलास हातात."

"आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या!"

"त्यांना वाटलं असंल, वर्गातलंच कुणीतरी पोरगं हाय भरतेश म्हणून. मागं एक बाई विचारत होती, कुणाचा गं हा? लई हुशार दिसतोय."

खिडकीच्या चौकटीला लटकलेली सातवीची पोरं फिसकन हसली. सरांनी तिकडं पाहिलं. पोरं खाली बसली. डोकी तेवढी वर राहिली.

सोनाक्का बहात्तर वर्षांची. शाळा चौथीपर्यंत. यंत्रमागांच्या त्या गावात पंखा, मोटार, मिक्सर, शिलाई मशीन, काहीही बंद पडलं की लोक म्हणत, सोनाक्काकडं टाका. नवरा गेल्यावर तिनं त्याची हत्यारं विकायला काढली होती. घ्यायला आलेल्या माणसानं पक्कड उलटी धरली, तेव्हा तिनं ती त्याच्या हातातून काढून घेतली, पेटीत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी दुकान स्वतः उघडलं. कुणी शिकवलं असं विचारलं तर म्हणायची, "बिघडलेल्या मोटारींनी."

भरतेश दहावीच्या सुट्टीत तिच्या दुकानात आला आणि चार वर्षं राहिला. पुढं बीएस्सी झाला, बीएड झाला, सर झाला. शर्टाच्या खिशाला तीन पेनं लागली.

स्पर्धा त्यानंच सुरू केलेली. 'सर्जनशील यंत्रमानव बांधणी स्पर्धा' असं फळ्यावर तीन रंगांच्या खडूंनी लिहिलं होतं. विषय, घरातलं एक काम हलकं करणारा रोबोट. अकरा गट, गटात तीन-तीन पोरं. नियम एकच होता, तोही फळ्यावरच होता, आणि त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. रोबोट मुलांनी स्वतः बनवलेला असावा.

परीक्षक म्हणून आक्काला बोलवायची कल्पनाही त्याचीच. त्यावर मुख्याध्यापिका पोवारबाई म्हणाल्या होत्या, आक्का येणारच आहेत तर सातवीच्या वर्गातला पंखापण बघून जातील. त्यामुळं आक्का परीक्षकाच्या खुर्चीत बसली होती, पदराला स्वागताचा गुलाब टाचलेला, आणि मांडीवर उघडा पंखा. पंख्याच्या कॉइलींपैकी एक जळाली होती. ती नवीन भरायचं काम चाललं होतं. चारशे वेढे.

"दोनशे सहा," आक्का म्हणाली. "हां. बोल आता."

"हे कसलं परीक्षण? अकरा रोबोट बघितलेत तुम्ही. अकराच्या अकरा चालले. एकसुद्धा बंद पडला नाही."

"चालले की. अकराच्या अकरा चार फूट गेले आन् थांबले. मग अकरा पोरांनी हात जोडले आन् म्हणाली, 'यावरून आपणास असे दिसून येते की.' काय दिसून येतं ते एकानंपण सांगितलं न्हाई."

"वेळ संपली होती."

"त्या श्रेणिकला विचारलं मी, बाळा, हे मागं कसं येतं? म्हणाला, सर उचलून आणतात."

खिडकीत पुन्हा फिसकन झालं.

"घाबरतात पोरं," सर म्हणाले. "अनोळखी माणसापुढं घाबरतात. तुम्ही संशय घेताय, आक्का. पुरावा काय?"

आक्कानं तारेचं टोक दातात धरलं आणि समोरच्या टेबलावरचा पहिला रोबोट ओढला. अकराही एका रांगेत उभे होते. सगळ्यांना चंदेरी कागदाचं अंग, लाल दिव्यांचे डोळे, डोक्यावर सायकलच्या तारेची शेंडी. जत्रेत हरवलेल्या जुळ्या भावांसारखे.

तिनं कागद वर करून आतली तार दाखवली. दातातलं टोक काढलं.

"पीळ बघ."

"तारेला पीळ असतोच."

"डाव्या हाताचा हाय."

"एखाद्या मुलानं…"

तिनं दुसरा उघडला. डावा पीळ. तिसरा. डावा. चौथा…

"वर्गात डावखुरी पोरं किती?" तिनं विचारलं.

सरांनी डावा हात खिशात घातला.

"एकपण न्हाई, आक्का!" खिडकीतून श्रेणिकनं मदत केली.

"आन् मास्तर?"

खिडकीतली डोकीपण खाली गेली.

"पीळ मारून झाल्यावर टोक मागं मोडायचं आन् पकडीनं दाबायचं," आक्का म्हणाली, "हे कुणी शिकवलं तुला?"

"…तुम्ही."

"बावीस जोड बघितले. एकपण ढिला न्हाई. उगंच देत न्हाई मी पहिला नंबर."

सरांचा चेहरा फळ्यावरच्या लाल खडूसारखा झाला. तीन पेनं खिशात खडखडली.

"तुम्हाला सगळं हसण्यावारी न्यायला काय जातंय हो! गेल्या वर्षी तालुक्याला पोरांनीच केलेला रोबोट नेला होता मी. अगदी नियमानं. स्टेजवर ठेवला. बटण दाबलं. हलला नाही. परत दाबलं. चाक निखळलं, घरंगळत गेलं आणि पाहुण्यांच्या बुटाला जाऊन टेकलं. तीनशे माणसं हसली, आक्का! ही तस्लीम नदाफ बटणावर बोट ठेवून तिथंच उभी राहून रडली. परत येताना टेम्पोत एक पोरगं बोललं नाही. एक! तेव्हाच ठरवलं मी, पुन्हा माझ्या पोरांवर कुणाला हसू द्यायचं नाही."

"म्हणून तू स्वतः…"

"हो! केलं! महिनाभर खपून केलं. आणि आज पाचच्या आत तालुक्याला एक नाव कळवायचंय. एक रोबोट, तीन पोरं. नाही कळवलं तर शाळा स्पर्धेतून बाद. आणि तुम्ही निकालपत्रात काय लिहिलंत? भरतेश खोत! वय चौतीस! गट सहावी ते आठवी!"

आणि त्यांनी टेबलावर मूठ आपटली.

अकरा रोबोट एकदम उडाले. एकाची शेंडी पडली. आणि टेबलाच्या कडेला ठेवलेलं तारेचं रीळ घरंगळलं, फरशीवर आपटलं, आणि त्यावरची केसासारखी बारीक तार वेढ्यावेढ्यांनी सैल होऊन बाहेर घसरायला लागली.

दोघंही थिजले.

ही तार एकदा गुंतली की सुटत नाही. सोडवायला गेलं तर वरचं व्हार्निश खरवडतं, आणि खरवडलेली तार भरली तर कॉइल पुन्हा जळते. हे त्या वर्गात दोनच माणसांना माहीत होतं.

आक्का रिळाकडं वाकली. सरांचे दोन्ही हात आपोआप पुढं आले. फूटभर अंतरावर, तळवे समोरासमोर, अंगठे वर. सोळाव्या वर्षी यायचे तसेच.

आक्कानं सगळे वेढे अलगद उचलून त्या दोन हातांवर चढवले.

"ताठ धर. जवळ आणलास तर गुंता. लांब नेलास तर तुटंल."

"माहीत आहे."

"मग झालं."

"आक्का, साडेतीन वाजलेत. मला पाचच्या आत…"

"दोनशे सात," आक्का म्हणाली.

सरांच्या हातांवरून तार सुटून पंख्यात जायला लागली. एक वेढा. दुसरा. तिसरा.

"पोरांचे रोबोट कुठायत?" आक्कानं विचारलं.

"हे काय समोर."

"हे तुझे. तू हे करायच्या आधी पोरांनी केले असतील की काहीतरी."

"ते… रफ होते."

"कुठायत?"

"कपाटात."

"कुलूप हाय?"

"आहे."

"कशाला?"

"कुणी हात लावू नये म्हणून."

"कुणी?"

सरांनी तारेकडं पाहिलं. तार सुटत होती.

आक्कानं वेढा अंगठ्यानं दाबून धरला, दुसरा हात लांब केला आणि तीन पेनांच्या मागून, सरांच्या खिशातून, दोन बोटांनी किल्ली बाहेर काढली. सरांना ती येताना दिसली. अडवायला हात नव्हते.

"तस्लीम!"

दार उघडं असताना तस्लीम खिडकीतून आत आली. तिच्यामागून श्रेणिक. मग सगळेच.

तेहतीस पोरं कपाटाभोवती जमली. कुलूप निघालं. आतून खोकी आली, पुठ्ठे आले, एक तेलाचा डबा, एक मोडकी छत्री, बांगड्यांची केलेली चाकं. प्रत्येक पोरानं आपापलं ओळखलं आणि छातीशी धरलं. मग उलटं करून बघितलं.

"आक्का, मोटारच न्हाई ह्यात!"

"माझ्यातपण न्हाई!"

"कुठं गेल्या?" आक्कानं पोरांना नाही, सरांना विचारलं.

सरांनी नुसती मान टेबलाकडं वळवली. अकरा चंदेरी भाऊ लाल डोळ्यांनी उभे होते.

"काढा मग," आक्का म्हणाली. "दोनशे बावन्न."

"ए! ए! थांबा!" सर ओरडले. "फाडू नका! श्रेणिक, फाडू नकोस रे, सोलून काढ! सोलून! महिना लागलाय मला… अरे डोळ्याला धरून नाही ओढायचं!"

"भरतेश. हात."

हात हलले होते. सरांनी ते पुन्हा ताठ केले.

पुढचा तासभर त्या वर्गात जे झालं, त्याला कुणी पाठ म्हणणार नाही. चंदेरी कागद उडत होता. पक्कड एकच, म्हणून पोरं दातांनी तारा सोलत होती. आणि मधोमध खोत सर नमस्काराला निघालेले पण मध्येच अडकलेले हात घेऊन उभे, आणि तोंडानं अकरा रोबोट एकदम दुरुस्त करायला बघत होते.

"सेल उलटा आहे! श्रेणिक, सेल! नाही, तसा नाही! हां. नाही, आधी होता तोच बरोबर होता!"

"सर, कुठला आधीचा?"

"त्याच्या आधीचा!"

"तोंडपण कशात गुंतवू का?" आक्का म्हणाली.

"पण चुकतंय त्यांचं!"

"दोनशे नव्वद."

"आक्का, डोळ्यांदेखत चुकतंय!"

"दोनशे एक्क्याण्णव."

श्रेणिकचा रोबोट पाळणा हलवायचा होता. घरी त्याची बहीण सहा महिन्यांची, आणि हलवायची पाळी नेहमी श्रेणिकची. तेलाच्या डब्याचा पाळणा, त्यात शेजारच्या वर्गातून आणलेली बाहुली. बटण दाबलं. पाळणा एकदा हलला. दुसऱ्यांदा जोरात हलला. तिसऱ्यांदा बाहुली उडाली आणि फळ्यावर 'सर्जनशील' या शब्दाला जाऊन लागली.

वर्ग फुटला. पोरं बाकांवर पडून हसली.

सरांनी डोळे मिटून घेतले. मग एक उघडला, श्रेणिक रडतोय का बघायला.

श्रेणिक सगळ्यांत जास्त हसत होता. तो गेला, बाहुली उचलली, तिच्या डोक्यावरून हात फिरवला, "लागलं का गं?" म्हणाला, आणि पाळण्याला दोरीचा पट्टा बांधायला बसला.

सरांनी दुसरा डोळाही उघडला.

दुसऱ्या गटाचा झाडणारा रोबोट सगळा कचरा गोळा करून पोरांच्याच पायांवर टाकून गेला. तिसऱ्याचा निघालाच नाही. ती तीन पोरं त्याच्यापुढं पालथी पडून आपापसात भांडत होती की दोष कुणाचा, आणि मध्येच एक म्हणालं, "थांब, थांब, मला कळलं."

मार्चमधली दुपार. वर्गातला एकमेव पंखा आक्काच्या मांडीवर. सरांच्या मानेवरून घाम निघाला आणि दोन खांद्यांच्या बरोबर मध्ये जाऊन थांबला.

सरांनी खांदा हलवला. मग दुसरा. मग ते हात तसेच ठेवून एकेक पाऊल मागं सरकले आणि फळ्याच्या कडेला पाठ घासायला लागले.

"म्हशीसारखं काय करतोस?" आक्का म्हणाली. "तार ओढायला लागलीय."

"खाज सुटलीय!"

"मग?"

"मग काही नाही."

ते पुन्हा पुढं आले. पाठीवर हिरव्या, लाल, पिवळ्या खडूचा पट्टा उमटला होता. दोन रेघांवरचा नियम निम्मा पुसला गेला होता.

तस्लीमचा रोबोट तेवढ्यात तयार झाला. मोडक्या छत्रीची दांडी, टोकाला फिरणारी चकती, आणि चकतीला सुतळीनं बांधलेल्या चार फण्या.

"हे काय करतं?" आक्कानं विचारलं.

"पाठ खाजवतं," तस्लीम म्हणाली. "आमच्या नानांचा हात मागं जात न्हाई. खांदा आखडलाय. मागावर चाळीस वर्षं काढली त्यांनी. मग सारखी मला हाक मारतात, मी अभ्यासाला बसले की हमखास."

तिनं बटण दाबून पाहिलं. फण्या घरघरल्या. आता पाठ पाहिजे होती. ती श्रेणिककडं वळली, श्रेणिक पळाला. बाकीचीही पळाली. वर्गात न पळणारी पाठ एकच होती.

"सर, तुमची पाठ देता?"

"अजिबात नाही."

"एकदाच, सर."

"तस्लीम, मी तुझा वर्गशिक्षक आहे."

"बरं सर."

ती वळली. सरांनी खांदा हलवला. दात आवळले. आक्का वेढे मोजत होती, तीनशे अठ्ठेचाळीस, तीनशे एकोणपन्नास, आणि घाईत अजिबात नव्हती.

"…तस्लीम."

"सर?"

"लवकर कर."

तस्लीम स्टूल ओढून सरांच्या मागं चढली. घर्रर्र.

"जरा वर," सर म्हणाले.

घर्रर्र.

"आणखी वर. हां… अगं, हे उलटं फिरतंय. फण्या खालून वर चालल्यात. वरून खाली पाहिजेत. तू लाल तार मागं लावलीयस, ती काढ आणि…"

"थांबवू, सर?"

वर्गात फक्त घर्रर्र.

"सर? थांबवू?"

…

"नको," सर म्हणाले. "जरा उजवीकडं घे."

वर्ग असा हसला की बाहेर चपला सापडलेले पालक परत खिडकीशी आले. सरसुद्धा हसले, पण तारेला हिसका बसणार नाही इतकंच.

मग एक फणी निसटली आणि सरांच्या कॉलरमधून आत गेली. सर आहेत तिथंच नाचले, हात तेवढे स्थिर. तस्लीमनं फणी काढली, सुतळीकडं बघितलं, ती टाकून दिली, आणि स्वतःच्या वेणीचं रबर काढून त्यानं फणी बांधली. कशानं बांधू, हे तिनं कुणाला विचारलं नाही.

"चारशे," आक्का म्हणाली.

तिनं तार तोडली, उरलेले चार वेढे सरांच्या हातांवरून काढून रिळावर घेतले. सरांचे हात मोकळे झाले. पण लगेच खाली आले नाहीत. थोडा वेळ तसेच हवेत राहिले.

दारात पोवारबाई उभ्या होत्या, हातात फोन.

"खोत सर, पाचला दहा कमी. तालुक्याचा दुसरा फोन आला. नाव सांगा, कळवून टाकते." मग त्यांनी टेबल बघितलं. अकरा चंदेरी कातडी पडली होती. "अरे देवा. चोरी झाली का?"

"नाही, बाई." सरांनी बोटं मिटून उघडून बघितली. "लिहा. तस्लीम नदाफ आणि गट. पाठ खाजवणारा रोबोट."

तस्लीमनं श्वास ओढून घेतला.

"एकच," असं म्हणून सरांनी पेटीतला स्क्रूड्रायव्हर उचलला आणि छत्रीच्या दांडीला हात घातला. "हा आज माझ्याकडं राहू दे. लाल तार तेवढी पुढं घेतो. रबराच्या जागी स्क्रू बसवतो. आणि वरून थोडा चंदेरी कागद…"

तस्लीमनं दांडीचं दुसरं टोक सोडलं नाही.

"सोड, बाळा."

तिनं सोडलं नाही. वेणी सुटून केस तोंडावर आले होते, त्यातून ती आक्काकडं बघत होती.

"भरतेश," आक्का म्हणाली, "ते खाली ठेव."

"एक तार, आक्का! फक्त एक तार!"

"खाली ठेव."

"आणि स्टेजवर फणी निसटली तर? तीनशे माणसं असतात तिथं! हा वर्ग हसला ते निराळं, आपलीच पोरं. ते लोक आपले नाहीत! ही तिथं बटणावर बोट ठेवून उभी असणार!"

"असू दे."

"असू दे!" सरांचा आवाज आता दाबलेला नव्हता. मास्तराची भाषाही गेली होती. दुकानातली आली होती. "तुम्हाला असू दे म्हणायला काय जातंय? तुम्ही कवा कुणाची काळजी केलीय? चार वरसं काढली तुमच्याकडं मी! पहिला पंखा दिलात भरायला, मधेच अडलो, तुमच्याकडं बघितलं. तुम्ही उठलात. 'आले चहा पिऊन.' दुसरा अडला, चहा! मिक्सरचा जोड लागंना, रडकुंडीला आलो, चहा! आन् ती पिठाच्या गिरणीची मोटार! माझ्या हातनं उलटी भरली गेली, चालू केली, धूर निघाला, सगळा चौक गोळा झाला हसायला. सोळा वरसांचं पोरगं मी! सगळ्यांकडं बघितलं. तुम्ही कुठं होता? चहाला! पाऊण तास!"

पोवारबाईंच्या हातातला फोन हॅलो, हॅलो करत होता. त्या ऐकत नव्हत्या.

"त्या धुरात उभं राहून शपथ घेतली होती मी," सर म्हणाले. "कधी मास्तर झालो, तर आपली पोरं अडली असताना त्यांना टाकून चहाला जाणार न्हाई."

आक्कानं पक्कड पुसली. पेटीत ठेवली. कात्री ठेवली. पदराचा गुलाब काढून तोही पेटीतच ठेवला.

"मग काय केलंस?" तिनं विचारलं. "त्या मोटारीचं?"

"काय करणार? सगळी उकलली. परत भरली."

"एकट्यानं?"

"मग कुणी? तुम्ही होता का तिथं?"

"चालली?"

"…अजून चालतीय."

आक्कानं पेटीचं झाकण लावलं. खुर्चीच्या हाताला धरून उठली, पंखा सरांच्या दोन्ही हातांत दिला, आणि तो घेण्यासाठी सरांना दांडी सोडावी लागली.

"भरतेश," ती म्हणाली, "मी जन्मात कधी चहाला तोंड लावलेलं न्हाई."